ग्रेनफेल टॉवर: ‘घरातच थांबा’ मागे घ्यायला लागलेली ऐंशी मिनिटं

१४ जून २०१७. रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी लंडन अग्निशमन दलाला वर्दी मिळाली. उत्तर केन्सिंग्टनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या चौथ्या मजल्यावर, १६ नंबरच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातला उभा फ्रिज पेटला होता. पाच मिनिटांत पहिले बंब इमारतीखाली होते. उंच इमारतीत एखाद्याचं स्वयंपाकघर पेटणं लंडनच्या दलाला नवीन नाही. अशी आग बहुतेक वेळा त्या घरातच विझते, आणि वरच्या मजल्यावरच्यांना ती सकाळी कळते. ग्रेनफेलमध्ये मात्र ७२ माणसं गेली.

या आगीवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं क्लॅडिंगवर, म्हणजे इमारतीला बाहेरून चढवलेल्या आवरणावर आहे, आणि ते बरोबरच आहे. क्लॅडिंग नसतं तर ही आग कुणाच्या लक्षातही राहिली नसती. इथे मात्र हे प्रकरण आग विझवायला गेलेल्यांच्या बाजूने बघायचं आहे. १ वाजून २७ मिनिटांनी ज्वाळा छताला पोचल्या होत्या. रस्त्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस ते बघत होता. तरीही आतल्या रहिवाशांना ‘घरातच थांबा’ असं सांगणं दलाने अधिकृतपणे मागे घेतलं ते २ वाजून ४७ मिनिटांनी. मधली ८० मिनिटं कुठे गेली?

इमारत कशी होती

ग्रेनफेल १९७४ साली बांधून झालेला २४ मजली, ६७ मीटर उंचीचा काँक्रीटचा टॉवर. मालकी केन्सिंग्टन अँड चेल्सी या बरोची, म्हणजे तिथल्या पालिकेची. मधोमध एकच जिना, रुंदी जेमतेम एक मीटर. दोन लिफ्ट. कोरडा राइजर, म्हणजे ज्यात एरवी पाणी नसतं आणि बंबाने खालून दाब दिला तरच वर पाणी चढतं असा पाइप. स्प्रिंकलर नव्हते. सगळ्या इमारतीला एकदम जागं करणारा भोंगाही नव्हता. मुंबईतल्या टॉवरमध्ये ठरावीक मजल्यांवर असतो तसा रेफ्युज एरिया तर नव्हताच.

हे ऐकून हलगर्जीपणा वाटतो, पण त्यामागे एक हिशोब होता. प्रत्येक फ्लॅट ही काँक्रीटची बंद पेटी. आग लागली तर तासभर तरी ती पेटीबाहेर पडणार नाही, तोवर दल येऊन ती विझवेल. मग बाकीच्यांनी जिन्यात गर्दी कशाला करायची? ज्याच्या घरात आग त्याने बाहेर पडावं, इतरांनी दारं-खिडक्या लावून आत राहावं. इंग्लंडमध्ये याला ‘स्टे पुट’ म्हणतात आणि कित्येक दशकं हे धोरण चाललंही. एकच जिना पुरतो तो याच गृहीतकावर. भोंगा नको, हेही त्यावरच. थोडक्यात, ‘घरातच थांबा’ ही आगीबद्दलची सूचना नाहीच, ती भिंतींवरच्या विश्वासाची सूचना आहे.

२०१२ ते २०१६ या काळात या इमारतीचं नूतनीकरण झालं आणि काँक्रीटच्या बाहेरून नवं आवरण चढलं. आधी जस्ताचे पत्रे लावायचं ठरलं होतं. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल घेतल्याने सुमारे तीन लाख पौंड वाचले. आपल्याकडे शोरूमपासून हॉस्पिटलपर्यंत दर्शनी भागावर जी ‘एसीपी शीट’ दिसते, तिच्याच जातीची ही वस्तू. इथे लावलेलं पॅनेल आर्कोनिक कंपनीचं ‘रेनोबाँड ५५ पीई’, जाडी चार मिलिमीटर. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम आणि मधे तीन मिलिमीटर पॉलिथिलीन. बादल्या आणि पिशव्या ज्या प्लास्टिकच्या होतात तेच. वितळतं, गळतं आणि गळता गळता पेटतं. पॅनेलच्या मागे हवेची पोकळी, तिच्या मागे थंडी अडवायला लावलेला पीआयआर नावाचा प्लास्टिक फोम. खिडक्या नव्या चौकटीत बसवताना कडेच्या फटी प्लास्टिक आणि फोमने भरलेल्या. आणि टॉवरच्या माथ्यावर, निव्वळ शोभेसाठी, त्याच पॅनेलच्या पट्ट्यांचा मुकुट. एसीपी सगळीच सारखी नसते. मधल्या थरात खनिज भरलेलं, सहज न पेटणारं पॅनेलही मिळतं. पण बाहेरून बघून फरक कळत नाही आणि दरपत्रकात तो लगेच कळतो.

याचा अर्थ असा की ज्या भिंतींवर ‘घरातच थांबा’ टेकलेलं होतं त्या २०१६ नंतर तशा राहिल्याच नव्हत्या. सूचना तीच राहिली.

पहिली वीस मिनिटं

आता घड्याळ बघत जाऊ. १२:५९ ला पहिले बंब पोचले. दुसऱ्या मजल्यावर ‘ब्रिजहेड’ लावलं गेलं, म्हणजे आत जाणाऱ्या जवानांची आघाडीची चौकी: इथे श्वसनयंत्राचे संच चढवायचे, कोण कधी आत गेलं याची नोंद ठेवायची, हवा किती उरली ते बघायचं. १:०७ च्या सुमारास जवान १६ नंबरच्या फ्लॅटमध्ये शिरले. खोल्या तपासत, होज सांभाळत स्वयंपाकघरात पाणी मारायला त्यांना १:१४ झाले. यात काही ढिलाई नव्हती. धुरात अशीच पावलं टाकतात.

पण १:०९ च्या आसपास आग खिडकीच्या कडेतून बाहेरच्या आवरणात शिरली होती. आतल्या जवानांनी स्वयंपाकघर आटोक्यात आणलं. त्यांच्या दृष्टीने काम जवळपास झालंच होतं. भिंतीच्या पलीकडे, त्यांना दिसणार नाही अशा पोकळीत, खरी आग आत्ता सुरू होत होती.

खाली उभ्या असलेल्या प्रमुखाला, नॉर्थ केन्सिंग्टन केंद्राच्या वॉच मॅनेजर मायकल डाउडेन यांना, जळते तुकडे गळताना दिसले. जमिनीवरून पाण्याचा फवारा लावायचा, तर आधी शंका: आत आपली माणसं आहेत, फवाऱ्याने वाफ आणि ज्वाळा खिडकीतून त्यांच्या अंगावर ढकलल्या गेल्या तर? फवारा लागला तेव्हा दुसरी अडचण समोर आली. ही पॅनेलं मुळात पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणूनच बसवलेली असतात. बाहेरून मारलेलं पाणी पत्र्यावरून ओघळून खाली येतं आणि मागच्या पोकळीत आग चढत राहते.

साधारण १:१३ ला त्यांनी सहा बंबांची मागणी नोंदवली. मग आठ, दहा, पंधरा, वीस. १:३१ ला आकडा २५ वर होता. मुंबईत आग ‘लेव्हल दोन’, ‘लेव्हल तीन’ अशी जाहीर होते, तसं लंडनमध्ये बंबांच्या संख्येत बोलतात. अठरा मिनिटांत सहावरून पंचवीस म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय हे डाउडेन यांना कळलं होतं. साधनं मागवण्याच्या बाबतीत ते मागे राहिले नाहीत. योजना मात्र तीच राहिली, कारण दुसरी योजना त्यांच्याकडे नव्हतीच.

उंच शिडीवर नंतर खूप चर्चा झाली. पहिल्या वर्दीबरोबर शिडीची गाडी पाठवायची असा तेव्हा नियम नव्हता; ती मागवावी लागली आणि आली तोवर दीड वाजून गेला होता, ज्वाळा माथ्यावर होत्या. लंडनच्या दलाकडे तेव्हा सर्वांत उंच शिडी ३२ मीटरची होती, म्हणजे टॉवरच्या निम्म्याहून कमी. पुढे शेजारच्या सरे परगण्यातून ४२ मीटरची आणली गेली. शिडी पहिल्या दहा मिनिटांत असती तर खालच्या मजल्यांवर काही करता आलं असतं, एवढं मान्य. पण दीडनंतर कितीही उंच शिडी आणली असती तरी पोकळीतली आग बाहेरच्या पाण्याने विझली नसती. शिडीचा मुद्दा फोटोत चांगला दिसतो म्हणून जास्त ताणला गेला, असं माझं मत आहे.

निर्णय कुणी घ्यायचा?

निवृत्त न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा पहिला अहवाल ३० ऑक्टोबर २०१९ ला आला. त्यात म्हटलंय की १:३० ते १:५० या वेळात इमारत रिकामी करायचा निर्णय घेता आला असता आणि घ्यायला हवा होता. तसं झालं असतं तर कमी जीव गेले असते. तोवर ‘घरातच थांबा’ ही दलात जवळजवळ श्रद्धेची बाब झाली होती, असंही अहवालाचं निरीक्षण आहे.

अहवालाचा हा भाग वाचून अनेकांनी पहिल्या प्रमुखाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. हे मला पटत नाही. वॉच मॅनेजर हा एका केंद्रातल्या पाळीचा प्रमुख. चार बंबांच्या आगीवर देखरेख ही त्याची नेहमीची जबाबदारी. बाहेरचं आवरण पेटलं तर ते कसं ओळखायचं, आणि एक जिना व भोंगा नसलेली इमारत रात्री दीड वाजता रिकामी कशी करायची, याचं प्रशिक्षण त्यांना कुणीही दिलेलं नव्हतं. दलाच्या संगणकातल्या या इमारतीच्या नोंदीत नकाशेसुद्धा नव्हते.

संस्थेला मात्र हे ठाऊक असायला हवं होतं. नव्हे, ठाऊक होतं. ३ जुलै २००९ ला दक्षिण लंडनमधल्या लाकानल हाउसमध्ये आग बाहेरच्या पॅनेलवाटे पसरली आणि घरात थांबलेली सहा माणसं दगावली. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत स्पष्ट होतं की ‘घरातच थांबा’ निकामी ठरलं तर इमारत अंशतः किंवा पूर्ण रिकामी करण्याची तयारी प्रमुखाकडे असावी. ऑगस्ट २०१६ मध्ये पश्चिम लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या शेफर्ड्स कोर्ट या इमारतीत कपडे सुकवायच्या यंत्रातून लागलेली आग दर्शनी पॅनेलवरून वर गेली. दलाने उंच इमारतींच्या दर्शनी भागांवर एक सादरीकरणही बनवलं होतं. परदेशातल्या अशा आगींची उदाहरणं त्यात होती. २०१७ च्या वसंतात दलाने लंडनच्या पालिकांना पॅनेलबद्दल सावध करणारं पत्र लिहिलं. म्हणजे पालिकांना सांगितलं, पण बंबावरच्या जवानांपर्यंत ते ज्ञान उतरलंच नाही.

‘निर्णय घ्यायला हवा होता’ हे म्हणणं सोपं आहे, म्हणून त्याचा व्यवहारातला अर्थही बघू. भोंगा नाही, ध्वनिक्षेपक नाही. १२९ घरांची दारं एकेक करून वाजवायची, किंवा ज्यांनी फोन केलाय त्यांना फोनवर सांगायचं. एक मीटरच्या जिन्यात वर जाणारे जवान, त्यांचे होज आणि खाली येणारी तीनेकशे माणसं. होजमुळे जिन्याची दारं उघडी राहतात आणि त्याच फटीतून धूर जिन्यात येतो. घरांच्या दारांवरही भरवसा नव्हता. बऱ्याच दारांना आपोआप बंद होण्याची यंत्रणा नव्हती किंवा ती मोडलेली होती, त्यामुळे कुणी पळून गेलं की मागे उघड्या राहिलेल्या दारातून धूर लॉबीत. ज्यांना चालताच येत नव्हतं त्यांच्यासाठी काहीही ठरलेलं नव्हतं. इमारतीतल्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ जण मरण पावले.

एवढं असूनही जिना बराच काळ पूर्ण अशक्य झाला नव्हता, असं चौकशीत दिसलं. जे लोक सूचनेकडे दुर्लक्ष करून लवकर निघाले ते वाचले. थांबलेल्यांना आपल्या दाराबाहेरच्या काळोख्या लॉबीपलीकडे काय आहे हे कळायला मार्गच नव्हता. त्यांच्याकडे एकच दुवा होता, फोन.

फोनच्या दुसऱ्या टोकाला

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवून जाणारा भाग नियंत्रण कक्षाचा आहे, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

त्या रात्री कक्ष नेहमीच्या मर्टनमधून चालत नव्हता. तिथे काम निघाल्याने कर्मचारी स्ट्रॅटफर्डच्या पर्यायी जागेत बसले होते. आग डोळ्यांनी कुणालाच दिसत नव्हती. पोलिसांचं हेलिकॉप्टर वरून चित्रण करत होतं, पण ते प्रक्षेपण दलाला बघता आलं नाही. म्हणजे घरात टीव्ही लावून बसलेल्या माणसाला जे दिसत होतं ते फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आग चौथ्या मजल्यावर आहे या समजुतीवर ते बाविसाव्या मजल्यावरच्या बाईला सांगत होते: दाराखाली ओले टॉवेल लावा, थांबा, आमचे लोक येताहेत. काही फोन ओसंडून दुसऱ्या परगण्यांच्या कक्षांत गेले. तिथे तर एवढीही माहिती नव्हती.

आता या फोनमधली माहिती जवानांपर्यंत कशी जायची ते बघा. कर्मचारी फ्लॅट नंबर, मजला, किती माणसं हे टिपून घेणार. ते रेडिओवरून घटनास्थळच्या कमांड गाडीला कळवणार. गाडीत ते कागदावर उतरणार. कुणीतरी तो कागद घेऊन, वरून पडणाऱ्या जळत्या तुकड्यांखालून धावत, टॉवरमध्ये जाणार. आत ब्रिजहेडवर ते पुन्हा लिहिलं जाणार, आणि तिथे कागद पुरेनात तेव्हा ते भिंतीवर लिहिलं गेलं. आज ती भिंत पुराव्यातल्या छायाचित्रांत आहे: मजल्यांचे आणि घरांचे नंबर, खोडलेले, गिरवलेले. उलट्या दिशेने काहीच जात नव्हतं. कुठल्या घरापर्यंत कोण पोचलं, कोण वाचलं, कुणाला आता वाचवणं अशक्य आहे, हे फोनवर बोलत असलेल्यांना कळलं नाही.

वर जाणाऱ्या जवानांचीही हीच गत. दोघांच्या जोडीला एक फ्लॅट नंबर मिळे. साध्या श्वसनसंचात साधारण अर्ध्या तासाची हवा. दहाव्या-बाराव्या मजल्यावर जिन्यात कुणीतरी बेशुद्ध पडलेलं दिसे. त्याला ओलांडून कोण जाईल? त्याला उचलून खाली आणायचं, तोवर हवा संपायची, आणि ज्या घरासाठी निघालो होतो ते राहून जायचं. ते घर राहिलं ही नोंद दरवेळी होईच असं नाही. काँक्रीटच्या गाभ्यात रेडिओ नीट चालत नव्हते. अडीचशेहून अधिक जवान आणि ७० बंब त्या रात्री तिथे लागले. धाडस कमी पडलं असं कुठल्याच अहवालात नाही.

शेवटी बदल दोन ठिकाणी, जवळपास स्वतंत्रपणे झाला. फोनवर लोक जे सांगत होते ते ऐकून नियंत्रण कक्षाने २:३५ ला आपला सल्ला बदलला: आता निघा. घटनास्थळी दलाचे वरिष्ठ अधिकारी अँडी रो यांनी सूत्रं घेतली आणि काही मिनिटांतच, २:४७ ला, ‘घरातच थांबा’ रद्द केलं. रो नुकतेच आले होते. त्यांनी टॉवर बाहेरून, पूर्ण पेटलेला बघितला आणि मग आदेश दिला. आधीपासून तिथे असलेल्या अधिकाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं असं नाही. आधीच्या योजनेत ते गुंतलेले नव्हते, इतकंच. पुढे २०२० मध्ये तेच दलाचे कमिशनर झाले. आग वाढत असताना योजना तपासायला एक न गुंतलेला डोळा मुद्दाम ठेवावा, हा धडा मला शिडी-बंबांच्या धड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. शेवटचा रहिवासी जिवंत बाहेर आला तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते.

अहवालांनंतर

तेव्हाच्या कमिशनर डॅनी कॉटन यांनी चौकशीसमोर सांगितलं होतं की त्या रात्री दलाने जे केलं त्यात मी काही बदलणार नाही. पहिल्या अहवालाने या वाक्यावर कडक ताशेरे ओढले आणि संस्था शिकायला तयार नसल्याची खूण म्हणून त्याकडे बोट दाखवलं. कॉटन यांनी २०१९ च्या अखेरीस पद सोडलं.

जवानांच्या संघटनेचा आक्षेपही नोंदवायला हवा. चौकशीने आधी ‘त्या रात्री काय झालं’ घेतलं आणि ‘ती इमारत तशी कशी झाली’ हे नंतरसाठी ठेवलं. परिणामी पेटणारं आवरण चढवणाऱ्यांच्या आधी, ती आग विझवायला धावलेल्यांचा हिशोब झाला. दुसरा अहवाल यायला ४ सप्टेंबर २०२४ उजाडला. त्यात सरकारची दशकांची ढिलाई आणि उत्पादकांचा पद्धतशीर अप्रामाणिकपणा मांडला आहे. उदाहरणार्थ, ग्रेनफेलला लावलेला फोम बनवणाऱ्या सेलोटेक्स कंपनीने आपल्या फोमची चाचणी घेताना न पेटणारे मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड आत बसवले होते आणि बाजारात ते सांगितलं नव्हतं. क्रम उलटा झाला ही तक्रार रास्त आहे. पण म्हणून पहिल्या अहवालातलं दलाबद्दलचं म्हणणं चुकीचं ठरत नाही.

दल बदललं, हेही खरं. उंच इमारत रिकामी करण्याची पद्धत आता लेखी आहे आणि तिचा सराव होतो. उंच इमारतीच्या वर्दीला शिडीची गाडी आपोआप निघते. ६४ मीटरच्या शिड्याही ताफ्यात आल्या. धुरातून रहिवाशाला बाहेर काढताना डोक्यावर चढवायचे हूड बंबावर असतात. फोनची माहिती कागदाऐवजी टॅबलेटवर जाते, एकाच वेळी कक्षाला आणि ब्रिजहेडला दिसते. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उंच इमारतींच्या मालकांना मजल्यांचे नकाशे आणि बाहेरच्या भिंतीत काय आहे याची माहिती दलाला द्यावी लागते, दाराशी माहितीची पेटी ठेवावी लागते, लिफ्ट दरमहा तपासाव्या लागतात. जिन्यात मजल्याचे आकडे धुरातही वाचता येतील असे लावावे लागतात. ग्रेनफेलच्या जिन्यात आपण कितव्या मजल्यावर आहोत हेच जवानांना कळत नव्हतं, त्याचं हे उत्तर.

याची परीक्षा दुसऱ्या अहवालाच्या नऊ दिवस आधी झाली. २६ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे पूर्व लंडनमधल्या डॅगनममध्ये एक इमारत पेटली. आग बाहेरून पसरली, सुमारे ४० बंब आणि २२५ जवान लागले, दलाने मोठी दुर्घटना जाहीर केली. ऐंशीहून अधिक रहिवाशांना बाहेर काढलं. कुणीही मेलं नाही. इमारतीला मचाण बांधलेलं होतं: तिचं पेटणारं क्लॅडिंग काढायचं काम तेव्हा, ग्रेनफेलनंतर सात वर्षांनी, चालू होतं.